खाद्यतेलांची निवड : पोषण, चव आणि अर्थकारण

भारतात स्वयंपाकाचे तेल परंपरेने प्रदेशातील पिकांवरून ठरत आले. बंगाल व बिहारमध्ये मोहरी, केरळात खोबरेल, तमिळनाडूत तीळ, गुजरातेत शेंगदाणा, तर महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात करडई व शेंगदाणा अशी ही विभागणी होती. शुद्धीकृत तेलांचा प्रसार आणि वाढती आयात यांमुळे ती आता पुसट झाली आहे.

पोषणमूल्य : ऊर्जेच्या दृष्टीने सर्व तेले सारखीच असून १ ग्रॅम तेलापासून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात. खरा फरक मेदाम्लांचा आहे. खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के, तर पामतेलात सुमारे ५० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात. त्यांच्या अतिसेवनाने रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते. शेंगदाणा तेलात एक-असंपृक्त मेदाम्ले अधिक असतात. करडई व सूर्यफूल तेलांत ओमेगा-६ विपुल असते. मोहरी व सोयाबीन तेलांतून ओमेगा-३ देखील मिळते. कोणतेही एक तेल परिपूर्ण नसल्याने दोन किंवा अधिक तेले आलटूनपालटून वापरणे हितावह ठरते.

चव व वापर : घाण्याच्या तेलात बियांचा मूळ स्वाद टिकतो. मोहरीचा उग्रपणा माशाच्या कालवणाला आणि लोणच्याला, तर तिळाचा गंध दक्षिणेकडील चटण्यांना साजतो. शुद्धीकरणात हा स्वाद कमी होतो. मात्र तेल अधिक तापमान सहन करते व तळणीस योग्य ठरते. जवसाचे तेल उष्णतेने लवकर बिघडते, म्हणून ते तळणीस वापरू नये. तळणीचे तेल पुनःपुन्हा तापविल्यास त्यात अपायकारक घटक तयार होतात. यास्तव अशा तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची कमाल मर्यादा २०१८ पासून २५ टक्के करण्यात आली. खाद्यतेले व मेदांतील ट्रान्स-मेदाची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे.

आर्थिक बाजू : १९८६ मध्ये सुरू झालेल्या तेलबिया तंत्रज्ञान अभियानामुळे उत्पादन वाढून देश काही काळ स्वयंपूर्णतेच्या जवळ पोहोचला. पुढे आयात खुली झाली आणि मागणी उत्पादनापेक्षा वेगाने वाढली. आज निम्म्याहून अधिक गरज आयातीतून भागते. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून येते. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध आणि इंडोनेशियाची तात्पुरती निर्यातबंदी यांचा ताण थेट भारतीय स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. अल्प उत्पन्न गटांना स्वस्त तेलाची गरज असते, परंतु आयात स्वस्त झाल्यास कोरडवाहू शेतकऱ्याच्या तेलबियांचा भाव पडतो. धोरणापुढील मूळ पेच हाच आहे.

या पार्श्वभूमीवर २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांचे पामतेल अभियान व २०२४ मध्ये १०,१०३ कोटी रुपयांचे तेलबिया अभियान मंजूर झाले. पामवृक्ष हेक्टरी सर्वाधिक तेल देतो, पण त्यास पाणी भरपूर लागते. मोहरी, करडई, तीळ ही पिके तुलनेने कमी पाण्यात येतात. उत्पादनवाढीच्या जोडीला घरोघरी तेलाचा वापर आटोक्यात आल्यास आरोग्य व परकीय चलन या दोहोंची बचत साधेल.