कात्रजचं पाणी पेठांत

2019 मध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना जमिनीखाली एक दगडी बोगदा लागला आणि ‘भुयार सापडलं’ म्हणून गावभर चर्चा झाली. पुण्यात भुयार म्हटलं की ते शनिवारवाड्यातून पर्वतीला जाणारच! प्रत्यक्षात ती पाण्याची जुनी वाट होती. जमिनीखालून पाणी आणणारी पुण्याची अशीच एक वाट म्हणजे कात्रजचा नळ.

हा नळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, 1750 च्या सुमाराचा. मुठा नदी शेजारून वाहत असताना एवढ्या लांबून पाणी कशाला आणायचं? कारण नदीचं पात्र खोल आणि पेठा वर. पाणी चढवायचं तर माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून. कात्रज मात्र शहराहून बऱ्याच उंचीवर. तिथला ओढा बांध घालून अडवला आणि तलावातलं पाणी केवळ उताराच्या जोरावर गावात उतरवलं.

खरं कसब या उतारात आहे. तो जास्त झाला तर वेगाने चुन्याचं काम खरवडलं जातं, कमी पडला तर वाटेतच गाळ बसतो. आठ-दहा किलोमीटर तो सांभाळायचा, तोही जमिनीखाली. मुख्य नळ इतका मोठा की आत माणूस शिरू शकतो.

मला सगळ्यात थोर वाटतात ते उच्छ्वास. नळावर ठिकठिकाणी बांधून जमिनीच्या वर काढलेले हे चौकोनी धुराड्यासारखे मनोरे. त्यांतून कोंडलेली हवा निघून जाते. खाली गाळ साठायला खोलगट जागा असते आणि साफसफाईसाठी त्यातूनच आत उतरता येतं. बांधतानाच देखभालीची सोय करणारी कल्पकता आजही दुर्मीळच. मलिक अंबरने औरंगाबादेत शतकाहून अधिक काळ आधी अशीच नहर खेळवली होती. म्हणजे ही विद्या दख्खनला नवी नव्हती.

गावात आल्यावर पाणी काळा हौद, बदामी हौद अशा सार्वजनिक हौदांत पडे, आणि खापरी नळांनी वाड्यांत जाई. शनिवारवाड्यातली कारंजीही याच पाण्यावर उडत.

12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, आणि शहराच्या नळांचं पाणी तुटलं. तेव्हा पुणेकरांची भिस्त पुन्हा जुन्या हौद-विहिरींवर आली. आता कात्रजच्या तलावात सांडपाणी मिसळतं, त्यामुळे ते पाणी प्यायचं सोडाच. पुष्कळ उच्छ्वास रस्त्यांखाली आणि इमारतींखाली गेले आहेत.