सेंट मार्टिनचे जठर

मनुष्याने खाल्लेल्या अन्नाचे उदरात गेल्यावर नेमके काय होते, याविषयी युरोपातील पंडितांत एकोणिसाव्या शतकाचा प्रारंभ होईपर्यंत मोठा मतभेद होता. अन्न तेथे दळले जाते असे कोणी म्हणत, शिजते असे कोणी, तर ते कुजते असेही काहींचे मत होते. इटलीतील स्पालांझानी याने पशुपक्ष्यांवर प्रयोग करून आणि स्वतः अन्नाच्या पुरचुंड्या गिळून, जठरात अन्न विरघळविणारा रस असतो असे दाखविले होते, आणि 1824 साली विल्यम प्राउट याने त्या रसातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्लच होय, असा निर्वाळा दिला होता. तथापि हा रस जिवंत माणसाच्या जठरात केव्हा स्रवतो व आपले कार्य कसे करतो, हे वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहण्याचा योग विद्यापीठांपासून फार दूर, एका सीमेवरच्या किल्ल्यातील लष्करी शल्यवैद्याला आला.

ह्यूरन सरोवरातील मॅकिनॅक बेटावर केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात 6 जून 1822 रोजी अनवधानाने एक बंदूक उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन या फ्रेंच-कॅनेडियन तरुण नावाड्याच्या डाव्या कुशीत अगदी जवळून छर्रे शिरले. बरगड्या मोडल्या, फुप्फुसाचा व जठराचा भाग बाहेर आला. बेटावरच्या किल्ल्याचे लष्करी शल्यवैद्य डॉ. विल्यम बोमाँट यांना तो वाचेल अशी आशा नव्हती. पण तो वाचला, आणि जखम भरताना जठराची कड बरगड्यांमधल्या मांसाला चिकटून तेथे एक छिद्र कायम राहिले. पुढे स्थानिक अंमलदारांनी त्याचा खर्च सोसण्यास नकार देऊन त्याची रवानगी जन्मगावी करण्याचे ठरविले, तेव्हा बोमाँटने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. कालांतराने जठराच्याच अस्तराची एक झडप त्या छिद्रावर तयार झाली. बोटाने ती आत लोटली की जठराचा अंतर्भाग दिसे.

1 ऑगस्ट 1825 रोजी, दुपारी 12 वाजता, बोमाँटने मसालेदार मांस, डुकराची कच्ची चरबी, खारविलेले कच्चे व उकडलेले मांस, शिळा पाव आणि कच्च्या कोबीचे काप असे तोळ्याहूनही कमी वजनाचे तुकडे रेशमी दोऱ्यात ओवून छिद्रातून आत सोडले आणि सेंट मार्टिनला नेहमीच्या घरकामाला पाठविले. तासाभराने दोरा ओढून पाहतो तो पाव व कोबी निम्मेअर्धे विरघळलेले, मांस मात्र जसेच्या तसे. आणखी एका तासाने पाव, कोबी, चरबी व उकडलेले मांस दोऱ्यावरून नाहीसे झालेले. सेंट मार्टिनच्या पोटात दुखू लागले, दुसऱ्या दिवशी डोकेही धरले. बोमाँटने औषधाच्या गोळ्या त्याच छिद्रातून आत टाकल्या. ही व्यथाही त्याने प्रयोगाबरोबर प्रामाणिकपणे नोंदविली आहे, आणि याच सचोटीमुळे त्याच्या टिपणांवर माझा विश्वास बसतो.

त्याच आठवड्यात सतरा तास उपाशी ठेवलेल्या सेंट मार्टिनच्या जठरातून त्याने नळीने रस काढला, शिशीत उकडलेल्या मांसाचा तुकडा घालून तीत तो रस ओतला आणि शिशी 100 अंश फॅरनहाइट उष्णतेच्या पाण्यात ठेवली. सकाळी 11 वाजता ठेवलेले ते मांस रात्री 9 पर्यंत पूर्णपणे विरघळले. जठरात हेच काम दोन तासांत झाले होते. देहाबाहेर, काचेच्या भांड्यातही पचन घडते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा होता? रिकाम्या जठरात हा रस साठलेला नसतो, अन्नाचा स्पर्श होताच फिकट गुलाबी अस्तरावर स्वच्छ, पातळ थेंब उमटून पाझरू लागतात. ज्वर असता तेच अस्तर लाल व कोरडे पडते. संतापाच्या वेळी जठरात पित्त आढळते: ही सारी निरीक्षणे 1833 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहेत. त्यातील दोनशेहून अधिक प्रयोगांच्या शेवटी एक्कावन्न निष्कर्ष दिले आहेत.

मात्र त्या छिद्रातून पचनाचा एकच टप्पा दिसत होता. जठररसातील मांसभेदक पेप्सिन 1836 साली थिओडोर श्वानने शोधले. लहान आतड्यात आम्ल उतरताच तेथून रक्तात सुटणारे सिक्रेटीन स्वादुपिंडाला रस सोडण्याचा हुकूम देते, हे 1902 साली बेलिस व स्टार्लिंग यांनी सिद्ध केले. स्निग्ध पदार्थांचे पचन बव्हंशी तेथेच, पित्त व स्वादुरसाच्या साह्याने होते. लाळेपासून आतड्यातील रसांपर्यंत दिवसाकाठी सुमारे सात लिटर द्रव आपले शरीर या कामी खर्ची घालते आणि त्यातला जवळजवळ सारा पुन्हा शोषून घेते.

या ज्ञानाची किंमत सेंट मार्टिनने मोजली. 1825 सालीच तो न सांगता कॅनडात निघून गेला. चार वर्षांनी बायकामुलांसह परतला तो बोमाँटची लाकडे फोडीत आणि त्याच्यापुढे उताणा पडून जठर उघडे करीत राहिला. 1832 सालच्या करारनाम्यान्वये वर्षाला 150 डॉलर व अन्नवस्त्र यांच्या मोबदल्यात त्याने आपले जठर बोमाँटच्या स्वाधीन केले. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर तो पुन्हा निघून गेला, तो बोमाँटच्या आर्जवी पत्रांना न जुमानता परतलाच नाही. 1880 साली तो निवर्तला, तेव्हा डॉ. विल्यम ऑस्लर यांना त्याचे जठर वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यक संग्रहालयासाठी हवे होते. कुटुंबीयांनी प्रेत कुजेपर्यंत मुद्दाम ठेवून घेतले आणि आठ फूट खोल खड्ड्यात पुरले. या कृत्याला अडाणीपणा म्हणण्यास मी धजणार नाही. अठ्ठावन्न वर्षे दुसऱ्यांच्या जिज्ञासेचा विषय झालेल्या त्या देहावर अखेर त्याच्या माणसांनी आपला हक्क बजावला, आणि तो त्यांचाच होता.