पहिलें लिनक्स कोणतें घ्यावें?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ह्या प्रणालीची नियमित देखभाल संपविली, आणि घरोघरच्या चालत्या-बोलत्या संगणकांस अकालीं वार्धक्य आलें. विंडोज ११ साठीं टीपीएम २.० हें सुरक्षेचें अंग व ठराविक नवे प्रोसेसर लागतात. तीं नसलीं कीं, पडदा, कळफलक व हार्ड डिस्क शाबूत असूनहि यंत्र टाकाऊ ठरूं पाहतें. अशा यंत्रास लिनक्सनें दुसरें आयुष्य मिळतें, हें आतां पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु 'त्यांतलें कोणतें घ्यावें?' ह्या पहिल्याच प्रश्नाशीं उत्साह अडतो. त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लिनक्स हें वास्तविक एका गाभ्याचें, म्हणजे कर्नेलचें, नांव आहे. हेलसिंकी विद्यापीठांत शिकत असतां लिनस टोरवाल्ड्स ह्यांनीं १९९१ सालीं तो लिहिला. त्याच्याभोंवतीं रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं १९८३ सालीं जाहीर केलेल्या ग्नू योजनेंतील साधनें, खिडक्यांची मांडणी आणि लेखनवाचनाचे कार्यक्रम जुळवून जो संच तयार होतो त्यास डिस्ट्रिब्यूशन, व बोलण्यांत डिस्ट्रो, म्हणतात. तांदूळ एकच, साधा भात, मसालेभात व खिचडी हा फरक रांधणाऱ्याचा. १९९३ सालच्या डेबियनपासून २००४ सालीं उबुंटू निघालें, व उबुंटूपासून २००६ सालीं लिनक्स मिंट. भारतीय भाषांकडे लक्ष ठेवून सी-डॅक ह्या आपल्या सरकारी संस्थेनें केलेला 'बॉस' हा संचहि डेबियनच्याच कुळांतला.

तेव्हां सर्वांत चांगलें कोणतें, हा प्रश्न नवशिक्यानें सोडून द्यावा. त्याची दुरुस्ती किती वर्षें मिळेल, आणि अडलें असतां विचारावयास कोण आहे, हे दोन प्रश्न विचारावे. फेडोराची नवी आवृत्ति सुमारें सहा महिन्यांनीं निघते व प्रत्येकीची देखभाल सुमारें तेरा महिनेच होते. आर्च तर सतत बदलत राहतें, आणि त्याची मांडणी बहुतेक स्वतःच करावी लागते. जिज्ञासूस त्यांत आनंद आहे. पण ज्या संगणकावर आजोबांचा पत्रव्यवहार, सुनेचें शाळेचें काम व मुलांचा अभ्यास अवलंबून आहे, तेथें असली हौस परवडत नाहीं. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ति दोन वर्षांनीं निघते व तिला पांच वर्षें नियमित दुरुस्त्या मिळतात. मिंट त्याच पायावर उभें आहे. शिवाय खालची पट्टी व डाव्या कोपऱ्यांतील मेनू पाहून विंडोजची संवय असलेलीं वडीलधारीं माणसें बिचकत नाहींत. म्हणून बहुतेक घरांस आम्ही मिंट सुचवूं. ४ गीगाबाइट रॅम असल्यास तें बरें चालतें. यंत्र फारच जुनें असल्यास त्याचा एक्सएफसीई हा हलका प्रकार घ्यावा. मात्र घरांतला एखादा भाचा किंवा शेजारी उबुंटू वापरीत असेल, तर खुशाल उबुंटूच घ्यावें. जाणता मनुष्य हाताशीं असणें हा गुण कोणत्याहि संचांत मिळत नाहीं.

निवड पक्की करण्यापूर्वीं परीक्षा घ्यावी. संच पेनड्राइव्हवर उतरवून, विंडोजला धक्का न लावतां, त्यावरूनच संगणक चालू करतां येतो. वायफाय लागतें काय, आवाज येतो काय, प्रिंटर व कॅमेरा ओळखतो काय, इन्स्क्रिप्ट कळफलकानें मराठी उमटतें काय, हें एकेक पाहावें. पेनड्राइव्हवरून काम मंद चालतें, म्हणून वेगावरून मत बनवूं नये. टॅलीसारखे कार्यक्रम विंडोजसाठींच केलेले आहेत. ज्यांचा जमाखर्च त्यावर आहे त्यांनीं विंडोज तूर्त सोडूं नये. लेखनास लिबरऑफिस आहे व तें वर्डचे कागद उघडतें, परंतु गुंतागुंतीची मांडणी कधीं कधीं हलते.

एक इशारा मात्र ठळकपणें द्यावयास हवा. मांडणीच्या वेळीं संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला कीं लग्नमुंजींचीं छायाचित्रें, घराचे दस्तऐवज, सर्व जातें. म्हणून आधीं त्यांच्या नकला वेगळ्या डिस्कवर घ्याव्या व त्या उघडून पाहाव्या. मिंटमधील टाइमशिफ्टची सोय बिघडलेली प्रणाली पूर्वस्थितीस आणते. कागदपत्रें राखण्याचें काम तिचें नव्हे.

पहिली निवड ही कांहीं जन्मगांठ नव्हे. मिंटवर वर्षभर वावरलेल्यास डेबियन किंवा फेडोरा परकें वाटत नाहीं, व कागदपत्रें सहज बरोबर नेतां येतात. जुनें यंत्र भंगारवाल्याच्या काट्यावर चढविण्यापूर्वीं एक रविवार ह्या प्रयोगास द्यावा, इतकीच आमची वाचकांस विनंति.