सणाचं उरलेलं: खावं, टाकावं की नव्यानं रांधावं?

थदडीच्या आदल्या रात्री उल्हासनगरच्या सिंधी घरांमध्ये स्वयंपाक उशिरापर्यंत चालतो. गोड लोले, जाड कोक्या, तळलेल्या भाज्या, भजी असं सगळं करून ठेवायचं, शेगडी थंड करून तिच्यावर पाणी शिंपडायचं, आणि दुसऱ्या दिवशी चूल न पेटवता तेच गार अन्न दह्याबरोबर खायचं. हा सण श्रावण वद्य सप्तमीला येतो. बरोबर पंधरा दिवस आधी, श्रावण शुद्ध सप्तमीला, मराठी घरांतली शिळासप्तमी असते. देवी दोन्हीकडे एकच, शीतला. एरवी याच घरांत ‘शिळं खाऊ नये’ हा नियम कडक असतो. गीतेच्या सतराव्या अध्यायातही शिळं अन्न तामस आहारात मोजलं आहे. मग एक दिवस तेच अन्न प्रसादासारखं कसं चालतं?

चालतं, कारण थदडीचे पदार्थ नीट निवडलेले आहेत. लोल्यात गूळ किंवा साखर आणि भरपूर तूप असतं, कोकी घट्ट कणकेची असते आणि मंद आचेवर चांगली खरपूस भाजतात. दोन्हींमध्ये पाणी कमी, त्यामुळे जिवाणूंना वाढायला जागा नसते. दही आंबट, तिथेही त्यांचं फारसं चालत नाही. भात आणि पातळ आमटी रात्रभर बाहेर ठेवून खाल्ली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. म्हणून अन्न कालचं आहे की आजचं, एवढंच विचारून भागत नाही. ते किती वेळ कोमट राहिलं, त्यात पाणी किती आहे, मीठ, आंबट किंवा साखर किती आहे, हे विचारायला हवं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात सिंधी, आगरी, कुणबी, कोकणी, घाटावरचे, ख्रिस्ती अशी सगळ्यांची स्वयंपाकघरं शेजारी-शेजारी आहेत. प्रत्येक सणानंतर प्रत्येकाच्या ओट्यावर काही ना काही उरतं, आणि त्याबद्दलचे गैरसमज मात्र सगळीकडे सारखेच आहेत.

<b>‘गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवलं की बिघडतं’</b>

या समजुतीमुळे मटणाचं पातेलं रात्रभर ओट्यावर राहतं, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर बोलायला हवं. अन्नसुरक्षेच्या दृष्टीनं ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा आहे. त्यात जिवाणू झपाट्यानं वाढतात. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावं, आणि हवेचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या आत, असा सर्वमान्य दंडक आहे. बदलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तिथे अक्षय तृतीयेचं जेवण दुपारी उरकून उरलेलं संध्याकाळी आवरायला घेतलं, तर तो तास कधीच उलटून गेलेला असतो.

मोठं पातेलं तर फारच हळू निवतं. वरचा तवंग गार लागतो, पण मधला रस्सा कित्येक तास कोमट राहतो. मांसाच्या रश्श्यात ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. उकळण्यानं ते मरत नाहीत. रस्सा निवताना ४३ ते ४५ अंशांच्या आसपास आला की बीजाणूंतून जिवाणू जागे होतात आणि अनुकूल स्थितीत दहा-बारा मिनिटांत दुप्पट होत जातात. हळदीच्या किंवा भंडाऱ्याच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी अनेकांची पोटं एकदम बिघडतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

समजुतीत थोडं तथ्य आहे. उकळतं पातेलं तसंच आत सरकवलं तर फ्रिज आतून तापतो आणि शेजारचं दूध-दही धोक्यात येतं. उपाय सोपा आहे: रस्सा दोन-तीन उथळ डब्यांत वाटायचा, भात परातीत पसरायचा, घाई असेल तर डबा गार पाण्याच्या परातीत ठेवायचा. वाफ गेली की आत. अजून थोडा कोमट असला तरी चालतो.

<b>‘भाताला काय होतंय, फोडणी दिली की झालं’</b>

फोडणीचा भात हा मराठी घराचा जिव्हाळ्याचा पदार्थ आहे आणि तो सोडायची मुळीच गरज नाही. फक्त त्यामागचं एक सत्य माहीत असावं. कच्च्या तांदळात ‘बॅसिलस सीरियस’ या जिवाणूचे बीजाणू अनेकदा असतात आणि ते भात शिजवूनही जगतात. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि एक विष तयार करतात, ज्यानं काही तासांत उलट्या सुरू होतात. हे विष १२१ अंशांवर दीड तास तापवलं तरी टिकतं, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. आपल्या कढईची फोडणी त्याचं काहीही करू शकत नाही. जिवाणू मरतील, विष राहील. स्टॅफिलोकॉकस या हाताच्या त्वचेवरून येणाऱ्या जिवाणूचं विषही असंच उष्णतेला दाद देत नाही. ‘उकळलं की सगळं मरतं’ हे वाक्य म्हणून अर्धंच खरं आहे.

आता या पट्ट्यातल्या दिनक्रमाकडे पाहा. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. पहाटेची लोकल पकडणाऱ्याचा डबा पाच-साडेपाचला भरला जातो आणि दुपारी एकला उघडतो. मधले सात-आठ तास तो गर्दीतल्या बॅगेत, म्हणजे नेमका धोक्याच्या पट्ट्यात असतो. काल रात्री तीन तास ओट्यावर राहिलेला भात सकाळी परतून डब्यात दिला, तर तो दोनदा त्या पट्ट्यातून जातो. म्हणून माझं ठाम मत आहे की उरलेला भात घरीच, सकाळच्या न्याहारीला संपवावा, तोही रात्री वेळेवर फ्रिजमध्ये गेलेला असेल तरच. डब्यात द्यायची ती फोडणीची पोळी. ती कोरडी असते, कुरकुरीत परतलेली असते, आणि आठ तास धीर धरते. लिंबू वरून द्यावं.

त्याउलट ‘शिळ्या भातात काही सत्त्वच उरत नाही’ हेही खरं नाही. भात गार झाल्यावर त्यातल्या पिष्टाचा काही भाग सहज न पचणाऱ्या रूपात जातो आणि आतड्यात तंतुमय पदार्थासारखं काम करतो. क जीवनसत्त्वासारखी काही नाजूक सत्त्वं पुन्हा तापवताना कमी होतात, पण प्रथिनं, पिष्ट, क्षार जागच्या जागी असतात.

<b>‘वास येत नाही, म्हणजे चांगलं आहे’</b>

अन्न नासवणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. पहिले आंबूस वास, तार, बुळबुळीतपणा आणतात. दुसरे बहुधा काहीच खूण ठेवत नाहीत. नाक आणि जीभ यांच्या भरवशावर मुलांना आणि म्हाताऱ्यांना खाऊ घालू नये.

<b>‘पाव फ्रिजमध्ये ठेवला की ताजा राहतो’</b>

उल्हासनगरच्या सिंधी स्वयंपाकघराला याचं उत्तर फार आधीपासून माहीत आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. सिंधमधून आलेल्या पाककृतींत ‘सेयल’ ही एक रीत होती: कांदा, लसूण, टोमॅटो, कोथिंबीर यांचा मसाला परतायचा, बेताचं पाणी घालायचं आणि झाकण ठेवून वाफेवर शिजवायचं. त्यात कालच्या पोळीचे तुकडे टाकले की सेयल मानी, शिळा पाव टाकला की सेयल डबल. आजही कॅम्प एकपासून पाचपर्यंत कुठल्याही सिंधी घरात हा सकाळचा पदार्थ आवडीनं होतो, आणि काही जण त्यासाठी मुद्दाम जास्तीच्या पोळ्या लाटतात.

त्यामागचं शास्त्र असं. पाव शिळा होतो तो केवळ वाळल्यामुळे नाही. त्यातलं पिष्ट पुन्हा घट्ट, स्फटिकासारखं होत जातं, आणि ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला बाहेरच्यापेक्षा वेगानं होते. म्हणून फ्रिजमधला पाव दुसऱ्याच दिवशी चिवट लागतो. ओलावा आणि उष्णता एकत्र मिळाली की पिष्ट परत सैल होतं, आणि सेयल नेमकं तेच करतं. पाव एक-दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर ठेवा, नाहीतर सरळ फ्रीजरमध्ये. पावसाळ्यात मात्र बाहेर ठेवलेल्या पावावर लवकर बुरशी येते. तेवढा हिरवा भाग काढून उरलेला खाणं चुकीचं आहे, कारण मऊ पावात बुरशीचे तंतू दिसतात त्याच्या बरेच आत गेलेले असतात. सेयल त्याला वाचवत नाही.

<b>‘गोड पदार्थ टिकतात’</b>

गुळपोळी टिकते, पुरणपोळी टिकत नाही. गोड दोन्ही आहेत, पण पुरणात शिजलेल्या डाळीचं पाणी असतं. होळीची पुरणपोळी त्याच दिवशी फ्रिजमध्ये गेली पाहिजे. बासुंदी, खीर, रसमलाई यांचंही तसंच. शंकरपाळे, बेसनाचे लाडू, चिवडा यांची काळजी नको. त्यांना फक्त हवाबंद डबा हवा.

<b>‘खारवलेलं मांस कितीही दिवस चालतं’</b>

डिसेंबरअखेर या तिन्ही गावांतल्या ख्रिस्ती घरांत हा प्रश्न येतो. गोव्याकडच्या कुटुंबांचं सोरपोटेल नाताळच्या दोन-तीन दिवस आधी करून ठेवतात, रोज नीट उकळवतात, आणि मुरलं की ते अधिक चवदार होतं. त्यात भरपूर व्हिनेगर असतं आणि हा आंबटपणाच जिवाणूंना आवरतो. ईस्ट इंडियन घरांतलं विंदालूही याच न्यायानं टिकतं. जुन्या रीतींमध्ये मीठ आणि व्हिनेगर अक्षरशः ओतलेलं असे.

बाजारातलं शिजवलेलं हॅम त्या जातीचं नाही. तेही मिठात आणि नायट्राइटमध्ये मुरवलेलं असतं, पण ते ओलं असतं आणि मीठ आजच्या चवीपुरतंच असतं. महिनोन्‌महिने हवेवर सुकवलेलं युरोपी हॅम वेगळं, आणि पाकीट फोडलेलं हे वेगळं. उघडलेलं किंवा कापलेलं शिजवलेलं हॅम फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस, एवढीच त्याची मुदत. ‘लिस्टेरिया’ नावाचा जिवाणू फ्रिजच्या गारठ्यातही वाढतो, आणि गरोदर बायकांसाठी तो गंभीर ठरतो. त्यांनी हॅम वाफा येईपर्यंत गरम करूनच खावं. हॅमचा गुलाबी रंग कच्चेपणाचा नाही, नायट्राइट आणि मांसातल्या रंगद्रव्याच्या संयोगाचा आहे. म्हणून रंग जाईपर्यंत शिजवत बसू नये, ते चामड्यासारखं होतं.

उरलेल्या हॅमला आपल्याकडे वाटा पुष्कळ आहेत. बारीक तुकडे मटार पुलावात, बटाट्याच्या कापांबरोबर तव्यावर, कांदा-मिरचीच्या आम्लेटात. हाड असेल तर ते मसुराच्या आमटीत किंवा पांढऱ्या वाटाण्याबरोबर कुकरला लावावं, रस्सा दाट आणि खमंग होतो. शेजारच्या सिंधी घराची रीत उचलून सेयल डबलमध्ये मूठभर हॅम टाकलं, तर नाताळचा उरलेला पावही त्यातच मार्गी लागतो. मीठ मात्र शेवटी चाखूनच घालावं: १०० ग्रॅम हॅममध्ये बहुधा एक ग्रॅमहून अधिक सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाला दिवसाकाठी दोन ग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. प्रक्रिया केलेलं मांस रोज खाल्ल्यानं आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असा निष्कर्ष २०१५ साली या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं काढला. सणाला खाणं आणि रोजच्या सँडविचमध्ये घालणं यांत फरक ठेवावा.

<b>‘फ्रिजमध्ये आहे ना, मग आठवडाभर चालेल’</b>

फ्रिज जिवाणूंना मारत नाही, त्यांची गती कमी करतो. शिजवलेली भाजी, आमटी, मांस तीन ते चार दिवस. त्यापुढे लागणार असेल तर पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये, चौथ्या दिवशी नाही. काढल्यावर लागेल तेवढंच गरम करावं, आतपर्यंत ७५ अंश, म्हणजे मधोमध वाफ येईपर्यंत. ‘दुसऱ्यांदा गरम केलं की विष होतं’ असंही म्हणतात. बाधा तापवण्यानं होत नाही, दर वेळी सगळं पातेलं तापवून पुन्हा हळूहळू निवू देण्यानं होते.

आणखी एक सवय मनाला लागते. तीन दिवस घरात कुणी न खाल्लेलं चौथ्या दिवशी कामवाल्या मावशींना दिलं जातं. द्यायचंच तर सणाच्या दिवशी, आपल्या ताटात वाढतो तेच, तेव्हाच द्यावं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात वाया जाणाऱ्या अन्नापैकी ६० टक्के घरांमधून जातं, हॉटेलांतून आणि मंगल कार्यालयांतून नव्हे. भारतातल्या घरांत वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे.

शेवटी वीज आणि पूर, कारण या भागात दोन्हींचा अनुभव आहे. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद फ्रिजमधलं अन्न सुमारे चार तास सुरक्षित राहतं, गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास गार राहतो. वीज आल्यावर फ्रीजरमधल्या अन्नावर बर्फाचे कण दिसत असतील तर ते परत गोठवायला हरकत नाही. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात घराघरांत शिरलं होतं. अशा पाण्याचा स्पर्श झालेलं शिजवलेलं अन्न, कापलेली फळं, झाकणाच्या डब्यातलं पीठ-डाळ, सगळं टाकूनच द्यावं. झाकण घट्ट होतं म्हणून आतलं वाचलं असेल, असं धरून चालू नये. न उघडलेला, न फुगलेला, न गंजलेला पत्र्याचा सीलबंद डबा मात्र साबणानं धुऊन, ब्लीचच्या पातळ द्रावणात बुडवून काढला की वापरता येतो.