पुढारपणाचा तास

अमेरिकेतल्या हायस्कुलात नववी ते बारावी हे चार वर्ग असतात आणि बऱ्याच शाळांच्या वेळापत्रकात गणित, इतिहास यांच्या पंक्तीला ‘लीडरशिप’ हाही एक तास असतो. विषय ऐच्छिक. विद्यार्थी मंडळावर निवडून आलेली मुले सहसा याच वर्गात बसतात. काही जण अर्ज करून, मुलाखत देऊन येतात. पाठांतराला इथे फारसा वाव नाही. मुलांनी एखादे काम स्वतः ठरवायचे, माणसे जमवून ते पार पाडायचे आणि त्याचा हिशेब द्यायचा, असा प्रकल्प या वर्गाच्या केंद्रस्थानी असतो.

कल्पना जुनी आहे. १९२१ साली पिट्सबर्गमधल्या एका मुख्याध्यापकांच्या पुढाकाराने ‘नॅशनल ऑनर सोसायटी’ सुरू झाली. अभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य या चार गोष्टी पाहून ती विद्यार्थ्यांना सभासदत्व देते. मेरीलँड राज्याने तर १९९२ साली समाजसेवेला शालान्त प्रमाणपत्राची अटच करून टाकली; तिथल्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी ७५ तासांचे प्रमाण ठरले. सेवेचे तास मोजता येतात, नेतृत्वाचे मोजता येत नाहीत. प्रकल्पाची खरी अडचण इथूनच सुरू होते.

विषय निवडताना मुले हमखास मोठा घास घेतात. ‘शहरातली भूक मिटवणे’ असे कोणी लिहून आणले की शिक्षक त्याला कात्री लावून ‘आपल्या भागातल्या अन्नपेढीसाठी नोव्हेंबरात डबाबंद अन्न गोळा करणे’ एवढ्यावर आणतात. मग प्रस्ताव लिहायचा: काम कोणासाठी, त्यांनी ते मागितले आहे का, कधी होणार, खर्च किती, कोण काय करणार, आणि ऐनवेळी फिसकटले तर काय. यातल्या दुसऱ्या प्रश्नावर पुष्कळ प्रस्ताव अडतात. अन्नपेढीला पैसे हवे असतात आणि मुले डबे घेऊन दारात उभी राहतात, असे होऊ नये म्हणून आधी फोन करून विचारायचे, हा या वर्गातला पहिला धडा.

रक्तदान शिबिर हा तिथल्या हायस्कुलांतला नेहमीचा प्रकल्प आहे आणि त्यात नेतृत्वाच्या सगळ्या गाठी दिसतात. रेड क्रॉस किंवा स्थानिक रक्तपेढी खाटा, साहित्य आणि परिचारिका पाठवते. शाळा जिमची जागा देते. रक्तदाते आणायचे ते मुलांनी. बहुतेक राज्यांत १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना रक्त देता येते. १६ वर्षांच्या मुलांना परवानगी असते तिथे पालकांची लेखी संमती लागते. वजन किमान ११० पौंड, म्हणजे सुमारे ५० किलो हवे; वय कमी असेल तर उंची आणि वजनाचे निकष आणखी कडक होतात. म्हणजे नववी-दहावीची बहुतेक मुले दाते म्हणून बादच. त्यांना नावनोंदणीच्या टेबलावर, फळांचा रस नि बिस्किटे वाटायला किंवा दात्याला वर्गापर्यंत सोबत करायला लावायचे, हे ज्याला वेळीच सुचते त्याच्याकडे मनुष्यबळ कमी पडत नाही. (भारतात रक्तदात्याचे किमान वय १८ असल्याने असे शिबिर शाळेत नव्हे, महाविद्यालयात भरते, बहुधा राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे.)

प्रत्यक्ष रक्त काढायला दहाएक मिनिटे पुरतात, पण नोंदणी, तपासणी आणि नंतरची विश्रांती धरली की तासभर जातो. दात्याचा एक अख्खा तास बुडतो. त्यामुळे पोस्टर रंगवण्याच्या कितीतरी आधी गाठायचे असते ते शिक्षकांना. रसायनशास्त्राची चाचणी त्याच दिवशी आहे का? जिम बंद राहिली तर बास्केटबॉलचा सराव कुठे होणार? या वाटाघाटी कोणाला दिसत नाहीत, पण शिबिर तरते किंवा बुडते ते इथेच. आदल्या दिवशी प्रत्येक दात्याला निरोप जावा लागतो: पोटभर न्याहारी करून या, पाणी भरपूर प्या, ओळखपत्र आणा. उपाशीपोटी आलेल्याला भोवळ येते आणि ते पाहून रांगेतले आणखी दोघे-तिघे काढता पाय घेतात. हिमोग्लोबिन कमी भरल्याने परत पाठवलेली मुलगी हिरमुसते. तिच्याशी चार शब्द बोलायला कोणीतरी नेमलेले असावे.

पैशांचा व्यवहार हा वेगळाच विषय. कॅलिफोर्नियात विद्यार्थी मंडळाच्या निधीतून खर्च करायचा तर कायद्याने तिघांची मंजुरी लागते: शिक्षण मंडळाने नेमलेला अधिकारी, विद्यार्थी मंडळाचे मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी. मुलांना ही कटकट वाटते. पण सोळाव्या वर्षी खर्चाच्या मंजुरीवर आपली सही लागणे, हे एरवी कुठल्याही विषयात शिकायला मिळत नाही.

गुण कशाला द्यायचे, हा प्रश्न मात्र सोपा नाही. रात्रभर जागून सगळी पोस्टर एकट्याने चिकटवणारा मुलगा कष्टाळू असतो, पण त्याने नेतृत्व केलेले नसते. स्काउट चळवळीने याचे उत्तर बरेच आधी शोधले. अमेरिकी स्काउटांच्या ‘ईगल’ या सर्वोच्च श्रेणीसाठी १९६५ पासून सेवाप्रकल्प सक्तीचा आहे. त्याला किमान तासांची अट नाही, उमेदवाराने इतरांना घेऊन काम तडीस नेले का एवढेच पाहतात. चांगले शिक्षक हाच गज लावतात: कामे कोणाकोणाला वाटली, न येणाऱ्याचे काय केले, भांडण झाले तेव्हा कोण मध्ये पडले. पालकांचा हात फिरलेला प्रकल्पही लगेच ओळखू येतो. विज्ञान प्रदर्शनातले वडिलांनी बांधलेले धरण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

काम झाले म्हणजे प्रकल्प पुरा झाला, असे नाही. बरीच मुले नेमकी इथे ढिली पडतात. अहवालात आकडे खरे हवेत: किती जणांनी नावे दिली, किती आले, किती परत पाठवले गेले, किती पिशव्या रक्त जमले. नावे देणारे आणि प्रत्यक्ष येणारे यांच्यातली तफावत लपवण्यापेक्षा तिचे कारण लिहिलेले जास्त मोलाचे. जिमची चावी देणाऱ्या कर्मचाऱ्यापासून रक्तपेढीपर्यंत सगळ्यांना आभाराची पत्रे जातात आणि उरलेल्या पैशांचा हिशेब लागतो.

शेवटी पुढच्या वर्षीच्या चमूसाठी एक फाइल तयार होते. तिच्यात रक्तपेढीच्या संपर्काचा तपशील, संमतिपत्राचा नमुना, टेबलांच्या मांडणीचे चित्र, खर्चाच्या पावत्या आणि टाळायच्या तारखांची यादी असते. एकदा रक्त दिलेल्याला ५६ दिवस पुन्हा देता येत नाही, म्हणून वर्षात दुसरे शिबिर घ्यायचे तर मध्ये किती आठवडे सोडायचे, तेही तिच्यात लिहिलेले असते. बारावीची मुले जूनपर्यंत शाळा सोडून जातात. त्याआधी ही फाइल अकरावीतल्या कोणाच्या तरी हाती गेलेली असावी लागते.