दोनशे लिटरचा समुद्र

समुद्राचे पाणी घरी बनवता येते, आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या सगळ्या खटाटोपात तोच भाग सर्वांत सोपा आहे. बालाघाट–सिवनी रस्त्यावरच्या लालबर्र्यापासून बंगालचा उपसागर सरळ रेषेत पाचशे किलोमीटरहून जास्त दूर. इथले पावसाचे पाणी वैनगंगेतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि शेवटी समुद्रात पोहोचते. समुद्र मात्र कधी इकडे येत नाही. तरी ज्याला घरात नारिंगी-पांढरे क्लाउनफिश आणि डोलणारी मऊ पोवळी पाहायची आहेत, त्याने या अंतराची धास्ती घेऊ नये. मुंबईत मरीन ड्राइव्हवर राहणारा जाणता हौशी माणूसही समोरचे पाणी बादलीने आणून टाकीत ओतण्याचे धाडस करणार नाही. तोही पुड्यातले मीठच कालवेल.

समुद्रापासून दूर समुद्र सांभाळण्याची हौस जुनी आहे. 1846 साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडातल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून पोवळी लंडनला नेली आणि जिवंत ठेवली. पंप नव्हते, वीज नव्हती. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी बसून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायची. त्यानंतरच्या दशकात फिलिप गॉस यांनी किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी कृत्रिम समुद्रजलाची कृतीच छापली. अशी कृती सगळीकडे लागू पडते, याचे कारण विल्यम डिटमार यांनी दाखवले. ‘चॅलेंजर’ जहाजाने 1872 ते 1876 या काळात जगभर फिरून गोळा केलेल्या पाण्याचे 77 नमुने त्यांनी तपासले आणि 1884 साली निष्कर्ष मांडला: खारटपणा जागोजागी कमीजास्त असेल, पण मुख्य क्षारांचे आपसातले प्रमाण जवळपास सारखेच राहते. पोवळ्यांच्या टाकीसाठी मिळणारे तयार मीठ याच आधारावर बनते.

स्वयंपाकघरातले मीठ इथे चालत नाही. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातले सोडियम आणि क्लोराइड मिळून 30 ग्रॅम. उरलेल्या पाच ग्रॅमांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि पाण्याचा पीएच 8.1 ते 8.3 च्या आसपास धरून ठेवणारे बायकार्बोनेट येते. शिंपले, गोगलगायी, दगडावर चढणारे जांभळे चुनखडी शेवाळ या सगळ्यांचे घर त्या पाच ग्रॅमांतूनच बांधले जाते. दोनशे लिटर टाकीला सुमारे सात किलो मीठ लागते. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. तरंगत्या काट्याच्या स्वस्त उपकरणावर माझा फारसा विश्वास नाही.

मीठ ज्यात कालवायचे त्या पाण्याची गोष्ट वेगळी. बोअरच्या पाण्यातले सिलिका आणि नायट्रेट आठवडाभरात काचेवर तपकिरी साय आणतात. म्हणून आरओचे पाणी हवे, टीडीएस शून्याजवळ. घरातले आरओ यंत्र इथे दगा देऊ शकते, कारण चवीसाठी ते शेवटी खनिजे परत मिसळते. त्यातही ‘कॉपर’वाले यंत्र असेल तर टाकीसाठी त्याचा थेंबही नको. तांब्याच्या भांड्यातले पाणी माणसाला मानवते म्हणतात, पण कोळंबी, गोगलगाय, पोवळे या बिनकण्याच्या जिवांना विरघळलेले तांबे जहर आहे. माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध देतात, तेव्हा त्याची मात्रा लिटरला मिलिग्रॅमच्या पाचव्या भागाच्या आसपास असते. तेवढ्यानेही मासा वाचतो आणि बाकीची टाकी मरते. त्यामुळे हे औषध कायम वेगळ्या टाकीत.

बालाघाट जिल्ह्याला हा इशारा जास्त ठळकपणे द्यायला हवा. मलाजखंडला देशातली तांब्याची मोठी खाण आहे, भरवेलीला मँगनीजची. त्या बाजूचा हिरवट किंवा काळा चकचकीत दगड टाकीत शोभून दिसेल. तो फडताळावरच राहू द्यावा. शेतात ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारून आलेला हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय पाण्यात घालू नये. आणि डासांची अगरबत्ती किंवा लिक्विड टाकीच्या खोलीत लावू नये; त्यातली कीटकनाशके डासांप्रमाणेच कोळंबीच्याही मज्जासंस्थेवर घाव घालतात.

पाणी झाले, दगड रचले, वाळू पसरली, पंप सुरू केला. आता महिना-दीड महिना या टाकीत एकही मासा घालायचा नाही. नवखा माणूस इथेच हरतो. रिकामी टाकी पाहून पाहुणे विचारतात, मासे कुठे? उत्तर द्यायची लाज वाटते आणि माणूस दुकान गाठतो.

या रिकाम्या दिवसांत काय चालते ते धान पिकवणाऱ्या माणसाला चटकन समजेल. बांधीत युरिया टाकला की त्याचा अमोनिया होतो. जिथे हवा पोहोचते तिथले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. चिखलाच्या आत, जिथे ऑक्सिजन नाही, तिथले दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा शेवटचा टप्पा म्हणजे खताचे नुकसान. टाकीवाल्याला नेमके तेच हवे असते. माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया येतो, दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि सच्छिद्र दगडाच्या गाभ्यात, ऑक्सिजन संपतो तिथे, नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो. म्हणून दगड भरीव नको, जाळीदार हवा. 1961 साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड आणि नुसते हवेचे बुडबुडे एवढ्यावर पोवळी जगवल्याचे लिहिले, त्यामागचे रहस्य हेच होते. लोकांना ते पटायला पुढची पंचवीस वर्षे गेली.

बांधीत आणि टाकीत एक फरक आहे. पीएच 7 असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, 8.2 ला तो सात-आठ टक्क्यांवर जातो. गोड्या पाण्यातल्या माशांना चालून जाणारा गलथानपणा समुद्री माशांना म्हणूनच भोवतो. अमोनियाचे औषधी थेंब किंवा कोळंबीचा लहानसा तुकडा टाकून जिवाणूंना खाऊ घालायचे आणि चाचणी-संचात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबायचे.

या जिवाणूंच्या कथेला एक मजेदार पुरवणी आहे. 1890 च्या सुमारास विनोग्राद्स्की यांनी हे जिवाणू वेगळे काढले, तेव्हापासून शतकभर अमोनियाचे काम बॅक्टेरियाच करतात असे पाठ्यपुस्तके शिकवत आली. 2005 साली सिएटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या एका उष्णकटिबंधीय टाकीच्या खड्यांतून अगदी निराळ्या कुळातला, आर्किया गटातला जीव हाती लागला आणि तोही हेच काम करताना सापडला. नंतर कळले की त्याचे भाऊबंद महासागरांतल्या सर्वांत विपुल सूक्ष्मजीवांमध्ये मोडतात. समुद्राविषयीची एवढी मोठी गोष्ट काचेच्या टाकीत उलगडली.

आता खरी अडचण. पोवळ्यांच्या प्रदेशातला समुद्र दिवसभरात अंश-अर्ध्या अंशाने तापतो-निवतो. पोवळ्यांच्या पेशींत राहणारे शैवाल त्यांना प्रकाशापासून अन्न करून देते; पाणी नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एखादाच अंश वर गेले आणि काही आठवडे तिथेच राहिले, तर ही भागीदारी मोडते आणि पोवळे पांढरे पडते. टाकीला 25 ते 27 अंश हवेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 ला जातो.

पण मे वाटतो तेवढा वाईट नाही. हवा कोरडी असते, आणि कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच टाकीला लावता येते: पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडायचा. दोनशे लिटर टाकीतले एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे तीन अंशांइतकी उष्णता घेऊन जाते. हवा 43 अंश आणि आर्द्रता अठरा टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा तापमापक 23-24 वर थांबतो, म्हणजे पंख्याला पुष्कळ वाव असतो. पावसाळ्यातल्या उघडिपीच्या दुपारी हवा 33 अंश आणि आर्द्रता पंचाहत्तर टक्के झाली की तोच आकडा 29 होतो. मग पंखा कितीही फिरवा, पाणी त्याखाली उतरणार नाही. रोवणीपासून धान निसवेपर्यंतचे दमट महिने टाकीला उन्हाळ्यापेक्षा कठीण जातात. त्या काळासाठी एसीची खोली किंवा चिलर, आणि मुळातच उष्णता कमी फेकणारे एलईडी दिवे.

उडून जाते ते पाणी; मीठ मागे राहते. रोज तीन लिटर उडाले आणि दहा दिवस कोणी पाहिले नाही, तर खारटपणा 35 वरून 41 वर जातो. भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, रोज थोडी. खारे पाणी घालून पातळी भरणे ही नवख्यांची ठरलेली चूक.

लाइट गेल्यावर तापमानाआधी ऑक्सिजन संपतो. 25 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, त्याच तापमानाच्या समुद्रजलात 6.7 च, आणि 30 अंशांना आणखी कमी. पंप थांबला की भरलेली टाकी काही तासांत गुदमरू लागते. पंखे-दिवे इन्व्हर्टरवर नसले तरी चालतील, पण पाणी हलवणारा पंप असलाच पाहिजे. शिवाय बॅटरीवरचा एअर पंप कपाटात तयार ठेवावा. तेही नसेल तर मग लंडनच्या मोलकरणीचा मार्ग: मगाने पाणी उचलायचे, उंचावरून सोडायचे. वीस लिटरच्या नाजूक टाकीऐवजी दोनशे लिटरची टाकी घ्या असे सांगण्याचे कारण हेच. जास्त पाणी उशिरा तापते, उशिरा गुदमरते, उशिरा खारावते.

मग टाकीत ठेवायचे काय? कान्ह्याच्या जंगलाचा काही भाग बालाघाट जिल्ह्यात येतो, त्यामुळे वन्यजीव संरक्षण अधिनियमाची अनुसूची एक इथल्या माणसाला वाघामुळे ठाऊक असते. 2001 पासून त्याच अनुसूचीत चुनखडीचा सांगाडा बांधणारी सर्व कठीण पोवळी, काळी पोवळी, अग्निपोवळी आणि समुद्रपंखे आहेत. जिवंत असो वा दिवाणखान्यातला वाळलेला तुकडा, बाळगणे गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षे. कायदा किती कडक आहे ते मुंबईत दिसले. सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी 2020 साली हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या अठरा छोट्या वसाहती हलवायच्या होत्या, तर महापालिकेलाही वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली त्या उचलल्या गेल्या. दुकानदार म्हणेल, माल इंपोर्टेड आहे. त्यावर भिस्त ठेवू नये. ‘जिवंत दगड’ म्हणून विकला जाणारा पोवळ्याचा तुकडाही त्यात आला; भट्टीतले सच्छिद्र सिरॅमिक दगड घ्यावेत, जिवाणूंना फरक पडत नाही.

मला हे बंधन नवख्याच्या फायद्याचे वाटते. कठीण पोवळी कॅल्शियम, क्षारता आणि प्रकाश यांचा रोजचा हिशेब मागतात आणि पहिल्या वर्षात बहुतेक मरतात. यादीत नसलेली मऊ, चामड्यासारखी पोवळी आणि बटणांसारखे झोअँथिड चुका सोसतात. झोअँथिड हाताळताना मात्र हातमोजे हवेत. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असते.

मासे समुद्रातून पकडलेले नकोत, पैदास केलेले घ्यावेत. तमिळनाडूतल्या मंडपम इथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र बसवले. महाराष्ट्रात कांदळवन कक्षाने ऐरोलीला शोभिवंत समुद्री माशांचे हॅचरी केंद्र उभारले. एकाच जातीची दोन लहान पिल्ले आणावीत. क्लाउनफिश नर म्हणूनच वाढतो. दोघांतला जो वरचढ ठरतो, त्याची पुढे मादी होते. जोडी जमवण्याची कटकट मासेच मिटवतात. नागपूरहून माशांची पिशवी घरी आली की तासभर थेंबथेंब टाकीचे पाणी पिशवीत सोडावे, दिवे बंद ठेवावेत, आणि पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच. पोवळ्यांचे प्रदेश जवळजवळ निर्जीव वाटावे इतक्या निकस पाण्यात फोफावतात, हे कोडे डार्विन यांच्या नावाने ओळखले जाते. मायेने टाकलेली जास्तीची चिमूट त्या निकसपणावरच घाव घालते.

आठवड्याला वीस लिटर पाणी बदलायचे. ते काढलेले पाणी मात्र परसातल्या आळ्यात, तुळशीत किंवा बांधीच्या कडेला ओतू नका. वीस लिटरमध्ये सातशे ग्रॅम मीठ असते, वर्षाला छत्तीस किलो होते, आणि चिन्नोर धानाला ते मानवत नाही. मोरीत सोडून द्या.