निरभ्र रात्रीचे गळके छप्पर

पावसाळ्यात पत्र्याचे छप्पर गळले, तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु महिना डिसेंबरचा आहे, आकाशात ढगाचा ठिपका नाही, आणि तरीही पहाटे छपरातून थेंब टपकत आहेत, असे कोणी सांगितले तर ऐकणारा त्याच्याकडे संशयानेच पाहील. मीही तसेच पाहिले होते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका मैदानी जिल्ह्यात धान्यसाठ्यावरील देखरेखीचे काम माझ्याकडे होते. तेथील एका जुन्या पत्र्याच्या गोदामात नव्या भाताच्या थप्प्या लागल्या होत्या. काही दिवसांतच वरच्या थरातील पोती ओली होऊन त्यांवर बुरशी धरू लागली. चौकीदाराने लेखी कळविले की, पाऊस नसतानाही छप्पर गळते. आणि धुके असते त्या रात्रीपेक्षा चांदण्या स्वच्छ दिसतात त्या रात्री अधिक गळते. मला ती सबब वाटली. मी त्याच्या कागदावर निष्काळजीपणाचा शेरा लिहिला. पत्र्याला बारीक छिद्रे असतील म्हणून सगळ्या छपराला डांबर फासविले. वळचणीच्या फटींतून चिमण्या आत येत, म्हणून त्या फटी गोणपाटाने बुजविल्या. त्यानंतर गळती थांबली तर नाहीच, उलट वाढली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशातला तो प्रकार होता. तो कसा, हे समजण्यास मला थोडे भौतिकशास्त्र पुन्हा उघडून पाहावे लागले.

हवेत पाण्याची वाफ नेहमीच असते; मात्र ती किती मावावी याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा तापमानावर अवलंबून असते. वीस अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. दहा अंशांना ९ ग्रॅमांच्या थोडी वर. शून्य अंशाला पाच ग्रॅमही नाही. हवा निवू लागली की एका विशिष्ट तापमानाला ती तृप्त होते. त्याला दवबिंदू म्हणतात. त्याहून थंड असलेल्या वस्तूला ती हवा लागली, की जास्तीची वाफ त्या वस्तूवर पाणी होऊन बसते. उन्हाळ्यात थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तो तांब्या गळका असतो म्हणून नव्हे. गोदामाचे छप्पर हा असाच एक पालथा घातलेला थंड तांब्या होता.

पण छप्पर इतके थंड कशाने होते? बाहेरच्या हवेने, हे अर्धेच उत्तर झाले. प्रत्येक वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकीत असते. आकाशात ढग असले तर ते त्यातील पुष्कळ उष्णता परत पाठवितात. निरभ्र रात्री ती वर निघून जाते आणि मोबदल्यात फारच थोडी परत येते. त्यामुळे उघड्यावरची वस्तू भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होते. दव का पडते याचा हा उलगडा लंडनमधील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ मध्ये दवावरील आपल्या निबंधात केला. पत्र्याची जाडी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची. उष्णता साठवून ठेवण्याचे बळ त्याच्या अंगी नाही. सूर्य मावळला की तो झपाट्याने निवतो, आणि वरची थंडी त्याच क्षणी खालच्या बाजूस पोहोचते. चौकीदाराने चांदण्यांचा जो उल्लेख केला होता, तो सबब नव्हता. ते अचूक निरीक्षण होते.

माझ्या डांबराची गोष्टही येथेच उलगडते. जस्ताचा उघडा पृष्ठभाग उष्णतेचे किरण कमी प्रमाणात सोडतो. डांबराचा काळा लेप ते मुक्तहस्ते सोडतो. म्हणजे छप्पर अधिक थंड व्हावे अशीच व्यवस्था मी सरकारी खर्चाने केली होती. पांढरा रंग दिला असता तरी रात्रीपुरता परिणाम तोच झाला असता. त्याचा उपयोग दिवसाच्या उन्हापुरता.

आता दुसरा प्रश्न. एवढे पाणी येते कोठून? चाळीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद आणि सरासरी सहा मीटर उंच अशा गोदामात ३६०० घनमीटर हवा असते. तिच्या प्रत्येक घनमीटरातून चार-साडेचार ग्रॅम वाफ पत्र्यावर बसली, तरी सुमारे पंधरा-सोळा लिटर पाणी झाले. शिवाय हा साठा रोज भरून निघतो. जोत्यातून जमिनीची ओल वर चढते. नवे भात पुरते वाळलेले नसेल, तर दाणेही ओलावा सोडीत राहतात. फटी बुजविलेल्या असल्या, की या वाफेला बाहेर जाण्यास वाट उरत नाही. ती उबदार हवेबरोबर वर चढते आणि आढ्याजवळ थंड पत्र्याला जाऊन भिडते. कौलारू घरात हा त्रास सहसा का जाणवत नाही, याचे उत्तरही यातच आहे. भाजलेली माती थोडे पाणी शोषून घेते आणि सावकाश सोडते, व कौलाकौलांमधील फटींतून घर श्वास घेत असते. पत्रा शोषीत नाही आणि श्वासही घेत नाही.

उपाय या कारणांच्या क्रमानेच करावयाचे. पहिला उपाय ओलाव्याचा. साठवणुकीच्या भातातील ओलावा शेकडा १४ च्या आसपास आणल्याशिवाय ते आत घेऊ नये. फरशीखाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरून जमिनीची ओल अडवावी. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांच्या चौकटींवर रचावीत.

दुसरा उपाय वायुवीजनाचा. वळचणीला हवा आत येण्याची आणि आढ्याला बाहेर जाण्याची वाट हवी. पाखरांसाठी जाळी लावावी, बोळे कोंबू नयेत. रात्रीची दमट थंड हवा आत कशाला घ्यावी, अशी शंका येथे निघते. पण दहा अंशांची हवा कितीही दमट वाटली, तरी तिच्यात वाफ थोडीच असते. आत येऊन ती उबदार झाली की कोरडीच ठरते. मात्र पावसाळ्याचा न्याय वेगळा. तेव्हा बाहेरची उबदार हवाच वाफेने भरलेली असते. म्हणून झड लागली असता धान्याचे गोदाम मिटलेले ठेवावे आणि कोरड्या उघडिपीत उघडावे.

तिसरा उपाय पत्र्याची आतली बाजू उबदार राखण्याचा, म्हणजे उष्णतारोधक थराचा. हा थर पत्र्याला सलग भिडलेला असावा आणि त्याच्या खोलीकडील बाजूस वाफ अडविणारा पडदा असावा; नाही तर वाफ त्यातून पलीकडे जाते, पाणी थराच्या आड साचते, आणि दिसत नाही एवढेच.

हे खर्चाचे काम जमत नसेल, तर खालून लवीचा थर चिकटविलेले पत्रे मिळतात. हा थर रात्रीचे पाणी धरून ठेवतो आणि दिवसा हवेला परत देतो. पण दिवसा हवा खेळती असेल तरच तो सुकतो.

आम्ही काय केले? गोणपाटाचे बोळे काढले, आढ्याला झरोके ठेवविले, पोती चौकटींवर चढविली आणि थप्प्यांमध्ये वाटा सोडल्या. डांबर काही निघाले नाही. थेंब पूर्ण थांबले नाहीत, पण पोती भिजण्याचे थांबले.

आपल्या देशात असंख्य कुटुंबे पत्र्याखाली राहतात. हिवाळ्यात दारे-खिडक्या गच्च लावून आत चूल पेटविली, ओले कपडे वाळत घातले, की पहाटे अंथरुणावर तेच थेंब पडतात, आणि घरधनी छिद्र शोधीत छपरावर चढतो. त्याने आधी वळचणीची फट मोकळी आहे का ते पाहावे. चूल पेटती असताना तर ती मोकळी हवीच. कोंडलेला धूर गळतीहून घातक असतो.

चौकीदाराच्या कागदावरील शेरा मी नंतर खोडून घेतला व त्याखाली सही केली. तो कागद मी त्याला दाखविला, तेव्हा तो एवढेच म्हणाला की, साहेबांनी एक रात्र येऊन पाहिले असते तर बरे झाले असते. त्या गोदामात मी तोपर्यंत दिवसाच जात होतो.